मुलाखतीतून निघणारा आकडा

स्किझोफ्रेनियावरचे एखादे नवे औषध उपयोगी ठरले की नाही, याचा निर्णय शास्त्रीय चाचणीत बहुतेक वेळा एका आकड्यावर होतो. हा आकडा रक्ताच्या नमुन्यातून किंवा मेंदूच्या स्कॅनमधून मिळत नाही. प्रशिक्षित परीक्षकाने रुग्णाशी अर्धा-पाऊण तास साधलेल्या संवादातून आणि रुग्णाच्या घरच्यांनी पुरवलेल्या माहितीतून तो तयार होतो. जगभरात साधारण ३०० माणसांमागे एकाला होणाऱ्या या आजाराचे निदान करणारी किंवा त्याची तीव्रता सांगणारी प्रयोगशाळेतील तपासणी आजही उपलब्ध नाही, त्यामुळे एका माणसाने दुसऱ्याच्या मनःस्थितीविषयी शिस्तीने केलेला अंदाज हेच संशोधनातले प्रमुख साधन राहिले आहे. असा अंदाज आकड्यात बसवताना काय हाती लागते आणि काय निसटते, हा प्रश्न संशोधकांपुरता मर्यादित नाही, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येणारे या आजारावरचे जवळजवळ प्रत्येक औषध आधी याच आकड्यांवर तोलले गेलेले असते.

या मोजमापाची गरज भासली ती मुळात तज्ज्ञांमधील मतभेदांमुळे. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराला स्वतंत्र रोग म्हणून वेगळे काढले आणि स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये त्याला आजचे नाव दिले. परंतु कोणत्या रुग्णाला ते नाव लावायचे, याविषयी देशोदेशींचे डॉक्टर आपापल्या परंपरेप्रमाणे चालत राहिले. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकी रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे निदान ब्रिटनच्या तुलनेत कितीतरी अधिक होत असे. हा फरक रुग्णांमध्ये आहे की डॉक्टरांमध्ये, हे तपासण्यासाठी न्यूयॉर्क आणि लंडन येथे संयुक्त अभ्यास हाती घेण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष १९७२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. संशोधकांच्या एकाच पथकाने ठरावीक प्रश्नांच्या साहाय्याने दोन्ही शहरांतील रुग्ण तपासले, तेव्हा तो मोठा फरक बराचसा विरून गेला. याच काळात दोन्ही देशांतील डॉक्टरांना काही रुग्णांच्या मुलाखतींच्या त्याच चित्रफिती दाखवण्यात आल्या. त्यांतील एका रुग्णाला बहुसंख्य अमेरिकी डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिक ठरवले, तर ब्रिटिश डॉक्टरांपैकी जवळजवळ कोणीच तसे म्हटले नाही. रोग न्यूयॉर्कमध्ये वाढलेला नव्हता, तिथल्या डॉक्टरांची त्याविषयीची कल्पना अधिक सैल होती, एवढाच याचा अर्थ.

प्रश्न आधीच ठरवून घेण्याची पद्धत अनेक देशांत चालेल का, याची पहिली मोठी कसोटी जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केलेल्या अभ्यासात लागली. आग्रा, इबादान, काली, तैपेई, मॉस्को, प्राग, आर्हूस, लंडन आणि वॉशिंग्टन अशा नऊ केंद्रांतील सुमारे १२०० रुग्णांची मुलाखत, इंग्लंडचे जॉन विंग यांनी विकसित केलेल्या प्रश्नसंचाच्या आधारे, स्थानिक भाषांमधून घेण्यात आली. नऊही ठिकाणी आजाराचा गाभा सारखाच आढळला, ही त्यातील मोठी गोष्ट; पण मोजमापाच्या दृष्टीने अधिक बोलकी गोष्ट वेगळी आहे. स्किझोफ्रेनिया म्हटले की सामान्य माणसाला कानात ऐकू येणारे आवाज आठवतात, आणि असे आवाज सुमारे ७४ टक्के रुग्णांमध्ये नोंदले गेले. मात्र सर्वाधिक, म्हणजे ९७ टक्के रुग्णांमध्ये आढळलेले लक्षण होते आपल्याला आजार झाला आहे याची जाणीव नसणे. ज्या आजारात रुग्णच बहुधा आपण आजारी नसल्याचे सांगतो, त्या आजाराची तीव्रता रुग्णाच्या तोंडूनच जाणून घ्यायची, हा पेच तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

निदान करणे आणि तीव्रता मोजणे ही मात्र दोन वेगळी कामे आहेत. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोरुग्णांवर प्रभाव दिसून आला आणि पाठोपाठ अशा औषधांची रांग लागली, तेव्हा ‘रुग्ण बरा वाटतो’ एवढ्या शेऱ्यावर भागेना. किती बरा, कोणत्या बाबतीत बरा आणि दुसऱ्या गोळीच्या मानाने किती, हे सांगणारी श्रेणी हवी होती. १९६२ मध्ये जॉन ओव्हरॉल आणि डोनाल्ड गोरहॅम यांनी सोळा लक्षणांची एक आटोपशीर मापनश्रेणी प्रसिद्ध केली. बीपीआरएस या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते, आणि पुढे तिच्यात आणखी दोन लक्षणांची भर पडली. प्रत्येक लक्षणाला परीक्षकाने सात पायऱ्यांपैकी एक पायरी द्यायची, ही तिची रीत पुढच्या काही श्रेणींनीही उचलली. तिचे वैगुण्य असे की, गोंगाट करणारी लक्षणे तिच्यात ठळकपणे उमटत. शांतपणे माणसाला पोखरणारी लक्षणे मात्र एखाद-दुसऱ्या ओळीत आटोपत.

हा भेद समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. नसलेले आवाज ऐकू येणे म्हणजे भास, पुरावा असूनही न ढळणारी चुकीची खात्री, उदाहरणार्थ शेजारी आपल्या अन्नात विष कालवतात असे ठामपणे वाटणे, म्हणजे भ्रम, आणि बोलण्यातील विसंगती, ही सगळी सामान्य मनोव्यापारात पडलेली भर आहे. म्हणून त्यांना धन किंवा पॉझिटिव्ह लक्षणे म्हणतात. याउलट चेहऱ्यावर भाव न उमटणे, बोलणे आटणे, माणसांत मिसळण्याची इच्छा मावळणे, अंथरुणातून उठून आंघोळ करण्याचीही उमेद न उरणे, ही वजाबाकी आहे आणि तिला ऋण किंवा निगेटिव्ह लक्षणे म्हणतात. ब्रिटनचे टिमोथी क्रो यांनी १९८० मध्ये या दोन गटांमागे दोन वेगळ्या प्रक्रिया असाव्यात अशी मांडणी केली आणि अमेरिकेतील आयोवा येथे नॅन्सी अँड्रियासन यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात दोन्ही गटांसाठी दोन स्वतंत्र, विस्तृत श्रेण्या तयार केल्या. मात्र सर्वत्र रुजली ती १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॅनली के, अब्राहम फिझबाइन आणि लुइस ओप्लर यांनी मांडलेली श्रेणी. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला पॅन्स म्हणतात आणि औषधांच्या आजच्या बहुतांश चाचण्यांचे निकाल तिच्याच भाषेत सांगितले जातात.

पॅन्समध्ये तीस लक्षणे आहेत: सात धन, सात ऋण आणि उरलेली सोळा चिंता, अपराधीपणाची भावना, उदासी, एकाग्रतेचा अभाव यांसारखी सर्वसाधारण. प्रत्येक लक्षणाला एक ते सात गुण मिळतात, त्यामुळे एकूण बेरीज ३० ते २१० यांच्या दरम्यान कुठेतरी पडते. ही श्रेणी लोकप्रिय होण्याचे खरे कारण तिच्या लांबीत नाही. प्रत्येक लक्षणाच्या प्रत्येक पायरीवर नेमके काय दिसायला हवे, याचे वर्णन तिच्यात दिलेले आहे. भासांचेच उदाहरण घेतले तर, एखाद-दुसरा स्पष्ट भास पण क्वचित होत असेल तर तीन गुण. भास वारंवार होतात पण सतत नाहीत आणि त्यांचा विचारांवर व वागण्यावर थोडाच परिणाम होतो, तर चार. ते वागण्यात अडथळा आणू लागले, तर पाच. जवळजवळ अखंड चालू राहून आयुष्य विस्कटू लागले, तर सहा. आणि रुग्ण त्या आवाजांतच बुडालेला असेल, त्यांच्याशी बोलत असेल, त्यांच्या आज्ञा पाळत असेल, तर सात. दोन पायऱ्यांची वर्णने लागू पडत असतील, तर वरची पायरी द्यायची असा नियम आहे, आणि विचार करायचा तो साधारणपणे मागच्या एका आठवड्याचाच. दहा वर्षांपूर्वी रुग्णाने काय केले होते, याला इथे स्थान नाही.

मुलाखतीची रचनाही ठरलेली असते. सुरुवातीची काही मिनिटे परीक्षक जवळजवळ काहीच विचारत नाही. तो रुग्णाला आपल्या मनाने बोलू देतो, कारण विचारांची साखळी कुठे तुटते, डोळ्याला डोळा भिडतो की नाही, चेहरा हलतो की दगडासारखा राहतो, हे प्रश्नोत्तरांच्या ओघात झाकले जाते. त्यानंतर ठरावीक विषयांवर नेमके प्रश्न येतात, आणि अखेरच्या टप्प्यात परीक्षक आधी निसटून गेलेल्या धाग्यांकडे परतून रुग्णाला जरा ठामपणे टोकतो, म्हणजे ताणाखाली विचारांची घडी कितपत टिकते ते कळते. तिऱ्हाईताला हे कठोर वाटेल, आणि अकुशल हातात ते कठोर होतेही.

काही लक्षणे केवळ मुलाखतीत दिसले त्यावरून मोजायची असतात, उदाहरणार्थ संवादातील जिव्हाळा किंवा बोलण्याचा ओघ. याउलट समाजापासून दूर राहण्यासारख्या लक्षणांचे गुण कुटुंबीयांच्या किंवा रुग्णाची काळजी घेणाऱ्यांच्या सांगण्यावरून द्यायचे असतात. पाश्चात्त्य देशांत एकट्या राहणाऱ्या रुग्णाविषयी सांगणारे माणूस शोधावे लागते. भारतात बहुतेक रुग्ण घरातच राहतात आणि दवाखान्यात आई, भाऊ किंवा पत्नी सोबत असते, ही इथल्या संशोधनाची मोठी सोय आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या ‘देवराई’ या चित्रपटात भावाच्या आजाराशी झुंजणारी बहीण मराठी प्रेक्षकांनी पाहिली आहे; संशोधनाच्या परिभाषेत अशी बहीण म्हणजे माहितीचा अत्यंत मोलाचा स्रोत. तिच्या सांगण्यालाही मर्यादा असतात, हे वेगळे सांगायला नको: थकलेल्या घराला शांत बसलेला रुग्ण ‘सुधारलेला’ वाटू शकतो आणि ऋण लक्षणांना आळशीपणा हे नाव घरातच पडते.

श्रेणी एका संस्कृतीत जन्मलेली असली की, दुसऱ्या संस्कृतीत ती वापरताना काही सांधे खटकतात. पॅन्समधील अमूर्त विचारक्षमतेचे लक्षण मोजताना रुग्णाला दोन वस्तूंमधील साम्य आणि म्हणींचे अर्थ विचारले जातात. इंग्रजी म्हण शब्दशः मराठीत आणून विचारली, तर निरोगी माणूसही गोंधळेल. म्हणून ‘नाचता येईना अंगण वाकडे’ यासारखी रुळलेली म्हण घ्यावी लागते आणि रुग्ण अंगणाच्या वाकडेपणाविषयीच बोलू लागला, तर विचार मूर्त पातळीवर अडकल्याची नोंद होते. पण शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाने असे उत्तर दिले, तर तो आजाराचा भाग की शिक्षणाच्या अभावाचा, हे परीक्षकाने तारतम्याने ठरवायचे असते. शिवाय या लक्षणाला ऋण गटात बसवलेले असले, तरी पुढे झालेल्या संख्याशास्त्रीय विश्लेषणांत त्याचे नाते विचारांच्या विस्कळीतपणाशी अधिक जुळलेले आढळले, आणि आता अनेक संशोधक ऋण लक्षणांची बेरीज करताना ते वगळतात. मूळ श्रेणीतल्या या चुकीच्या वर्गवारीकडे इतकी वर्षे कानाडोळा झाला, याचे कारण बहुधा एवढेच की बेरीज करणे सोपे होते.

भ्रमांचे मोजमाप याहून नाजूक आहे. एखादी समजूत चुकीची असणे एवढ्याने ती भ्रम ठरत नाही; माणूस ज्या समाजात वाढला त्या समाजालाही ती विचित्र वाटली पाहिजे. आपल्यावर कोणी करणी केली आहे असे एखाद्या खेड्यातील रुग्ण म्हणाला आणि घरच्यांनीही तसेच सांगितले, तर तेवढ्यावर गुण देता येत नाहीत. मात्र त्या करणीमुळे आपल्या डोक्यात यंत्र बसवले गेले असून त्यातून सगळ्या गावाला आपले विचार ऐकू जातात, असे तो सांगू लागला आणि घरचे त्यावर नकारार्थी मान हलवू लागले, तर सीमा ओलांडली गेली. अंगात येणे हाही असाच प्रकार: ठरलेल्या प्रसंगी, समाजमान्य रीतीने अंगात येणाऱ्या व्यक्तीचा अनुभव आणि दिवसरात्र पिच्छा पुरवणारे आवाज यांत फरक करता येणे, हे इथल्या परीक्षकाच्या प्रशिक्षणाचा भाग असायला हवे आणि कोणतीही छापील श्रेणी ते त्याच्यासाठी करून देत नाही.

म्हणूनच मोठ्या चाचण्यांमध्ये परीक्षकांना आधी चित्रफितींवर गुण द्यायला लावले जाते, त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी ताडून पाहिले जातात आणि पुरेसे एकमत दाखवणाऱ्यांनाच काम मिळते. हे एकमत संख्येत मांडता येते: शून्य म्हणजे निव्वळ योगायोग, एक म्हणजे संपूर्ण एकमत, आणि ०.८ च्या आसपासची पातळी साधारणतः चांगली मानली जाते. भास आणि भ्रम यांवर असे एकमत तुलनेने सहज होते, तर भावशून्यता किंवा उमेद नसणे यावर ते कष्टाने होते. या साध्या वस्तुस्थितीचा परिणाम दूरवर पोचला आहे, कारण जे विश्वासाने मोजता येते त्याच्याच मागे औषधे लागतात, आणि माणसाला नोकरीतून, मित्रांतून, आयुष्यातून उठवणारी लक्षणे मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या गटातली असतात.

बेरजेतही एक सापळा आहे आणि त्यात नामवंत संशोधकही सापडले आहेत. पॅन्सची सर्वांत खालची पायरी शून्य नसून एक आहे, त्यामुळे एकही लक्षण नसलेल्या माणसालाही ३० गुण मिळतात. एखाद्या रुग्णाचे गुण ९० वरून ६० वर आले, तर सरळ हिशेबाने ३३ टक्के सुधारणा दिसते. परंतु ते ३० पायाभूत गुण आधी वजा केले, तर ६० वरून ३० वर घसरण झाली आणि सुधारणा ५० टक्के भरते. रुग्ण तोच, गोळी तीच, आणि ५० टक्क्यांची सुधारणा हीच औषध लागू पडल्याची व्याख्या ठरवली असेल, तर एका हिशेबात तो यशस्वी आणि दुसऱ्यात अयशस्वी. जर्मनीतील स्टेफान लॉयश्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सापळ्याकडे वारंवार लक्ष वेधले आहे. याच संशोधकांनी २००५ मध्ये पॅन्सच्या बेरजेची डॉक्टरांच्या एकूण मताशी सांगड घातली: सुमारे ५८ गुण म्हणजे डॉक्टरच्या नजरेतून सौम्य आजार, ७५ म्हणजे मध्यम, ९५ म्हणजे ठळक आणि ११६ म्हणजे तीव्र. चाचण्यांमध्ये सुधारणेची खालची मर्यादा म्हणून कित्येकदा वापरली जाणारी २० टक्क्यांची घट डॉक्टरांच्या मते ‘किंचित सुधारणा’ याच्याच जवळपास येते, हेही त्यातून दिसले.

त्याच वर्षी अँड्रियासन यांच्या पुढाकाराने तज्ज्ञांच्या गटाने आजार आटोक्यात आल्याची व्याख्या सुचवली. पॅन्समधील आठ निवडक लक्षणे, ज्यांत भ्रम, भास, विस्कळीत विचार यांबरोबर भावशून्यता आणि बोलण्यातील निरुत्साह हेही आहेत, तीन गुणांच्या वर न जाता सलग सहा महिने राहिली, तर रुग्ण आटोक्यात आलेल्यांमध्ये धरायचा. लक्षणांच्या जोडीला काळाची अट घालणे हे या व्याख्येचे खरे योगदान होते. तिच्यात कामधंद्याविषयी काहीच विचारलेले नाही, त्यामुळे या व्याख्येनुसार आटोक्यात आलेला माणूस दिवसभर खिडकीशी बसून असू शकतो.

औषधांच्या चाचण्यांपुढचा आजचा सर्वांत मोठा प्रश्न मात्र प्लासिबोचा आहे. प्लासिबो म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. नवे औषध तिच्यापेक्षा सरस ठरले, तरच ते मान्यतेच्या वाटेला लागते. गेल्या काही दशकांत प्लासिबो घेणाऱ्यांच्याही गुणांतील घट वाढत गेली आहे. उलोटारॉन्ट या नव्या धर्तीच्या औषधाची कथा या दृष्टीने लक्षणीय आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांचे पॅन्स गुण सरासरी १७.२ नी उतरले आणि प्लासिबो घेणाऱ्यांचे ९.७ नी, आशा उंचावली. २०२३ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, त्यांपैकी एकीत औषधाच्या दोन मात्रांनी १६.९ आणि १९.६ गुणांची घट दाखवली, पण त्याच चाचणीत प्लासिबोने १९.३ गुणांची घट दाखवली. दुसरी चाचणीही निकषावर उतरली नाही. चाचण्या कोविडच्या काळात झाल्या, हे कारणही पुढे करण्यात आले. औषधाच्या बाजूचा आकडा जवळजवळ हललेला नव्हता. हलला होता तो तुलनेचा आकडा.

नुसत्या गोळीने इतकी घट का व्हावी, याची कारणे मोजमापाच्या पद्धतीतच दडलेली आहेत. चाचणीत प्रवेश मिळण्यासाठी पॅन्सवर किमान गुण असावे लागतात, बहुधा ८० च्या आसपास. केंद्राला ठरलेल्या मुदतीत रुग्ण मिळवायचे असतात आणि ७७ ला थांबणाऱ्या रुग्णाला कळत-नकळत ८१ गुण पडतात. प्रवेश झाल्यावर गुण फुगवण्याची गरज उरत नाही, तेव्हा आकडा आपोआप खाली येतो आणि दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसते. शिवाय रुग्ण आजाराच्या चढत्या टप्प्यावर असतानाच चाचणीत येतो, त्यामुळे काही उतार निसर्गतःही होतो; आणि दर आठवड्याला कोणीतरी आस्थेने तासभर ऐकून घेते, याचा परिणाम न झाला तरच नवल. यावर उपाय म्हणून प्रवेशाची मर्यादा केंद्रांपासून लपवून ठेवणे, किंवा ही रुग्णाची कितवी भेट आहे हे ठाऊक नसलेल्या दूरस्थ परीक्षकाकडून व्हिडिओवर मुलाखत घेणे, असे मार्ग काढले गेले आहेत. प्लासिबोवर मात करता येते हेही खरे: झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम यांच्या संयुक्त औषधाने पाच आठवड्यांच्या एका चाचणीत २१.२ गुणांची घट दाखवली, प्लासिबोने ११.६, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

ऋण लक्षणांच्या बाबतीत अडचण याहून खोलवरची आहे. रुग्णाचा चेहरा निर्विकार दिसतो, हालचाली मंदावल्या आहेत, तो बोलत नाही. हे आजाराचे ऋण लक्षण असू शकते, सोबतचे नैराश्य असू शकते, जुन्या औषधांमुळे येणारा पार्किन्सनसारखा ताठरपणा असू शकतो, किंवा आवाजांच्या भीतीने माणूस कोपऱ्यात बसलेला असू शकतो. पॅन्सच्या रकान्यात या चारही रुग्णांना तोच आकडा पडू शकतो, आणि औषध बदलल्यावर ताठरपणा कमी झाला, तर नव्या औषधाने ऋण लक्षणे सुधारल्याचा दावा होऊ शकतो. असे दावे झालेही आहेत. म्हणून शहाण्या चाचण्यांमध्ये औषधजन्य ताठरपणा, अस्वस्थ चुळबुळ आणि अनैच्छिक हालचाली यांसाठी स्वतंत्र श्रेण्या सोबत वापरतात, तर नैराश्य वेगळे काढण्यासाठी कॅनडातील कॅलगरी येथे खास स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी तयार झालेली नऊ प्रश्नांची श्रेणी वापरतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने २००५ मध्ये तज्ज्ञ एकत्र बसले आणि ऋण लक्षणांचे पाच भाग असावेत यावर सहमती झाली: भावनांचे प्रकटीकरण घटणे, बोलणे आटणे, माणसांविषयीची ओढ कमी होणे, आनंद अनुभवण्याची क्षमता घटणे आणि उमेद नसणे. त्यातून पुढे तयार झालेल्या नव्या श्रेण्यांनी जुन्या पद्धतीतील एक मूलभूत चूक दुरुस्त केली. मित्रांना भेटत नाही म्हणून रुग्णाला गुण लावण्याऐवजी, मित्रांना भेटावेसे वाटते का, हेही त्याला विचारले जाऊ लागले. ज्याला मित्रच उरलेले नाहीत, किंवा घराबाहेर पडू दिले जात नाही, त्याची परिस्थिती आजाराच्या खात्यात मांडली जाऊ नये, यासाठी हा फरक आवश्यक होता. आनंदाच्या बाबतीतही असेच घडले: प्रयोगांमध्ये समोर आलेल्या सुखद गोष्टीचा आनंद या रुग्णांना बऱ्याच अंशी इतरांसारखाच होतो असे दिसले, कमी पडते ती पुढे मिळणाऱ्या आनंदाची कल्पना आणि त्यासाठी हालचाल करण्याची प्रेरणा. एका बेरजेच्या आकड्यात हा भेद कधीच उमटला नसता.

लक्षणांच्या गुणांवर पूर्ण भिस्त ठेवण्याविषयीची साशंकता काही मोठ्या अभ्यासांच्या रचनेतच दिसते. अमेरिकेत सुमारे १५०० रुग्णांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केटी या चाचणीने पॅन्स वापरली, पण यशाचा मुख्य निकष म्हणून एक साधा प्रश्न निवडला: रुग्ण दिलेले औषध किती काळ घेत राहतो? परिणामकारकता, दुष्परिणाम आणि रुग्णाचे स्वतःचे मत हे तिन्ही त्या एका निर्णयात एकवटतात. अठरा महिन्यांत ७४ टक्के रुग्णांनी पहिले औषध सोडले होते. कुठल्याही औषधाच्या पॅन्स गुणांपेक्षा हा आकडा अधिक काळ चर्चेत राहिला आणि ते योग्यच होते.

महाराष्ट्र आणि गोव्याशी थेट संबंध असलेला अभ्यास २०१४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सातारा, गोवा आणि तामिळनाडू येथील २८२ रुग्णांपैकी काहींना दवाखान्यातील नेहमीचे उपचार मिळाले, तर इतरांना त्याच उपचारांच्या जोडीला वस्तीपातळीवरच्या, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांची घरी येऊन साथ मिळाली: आजाराची माहिती, औषधे नियमित घेण्यासाठी पाठपुरावा, कुटुंबाला आधार आणि पुन्हा कामाला लागण्यासाठी मदत. एका वर्षानंतरचे मोजमाप दोन श्रेण्यांवर झाले. एक होती पॅन्स. दुसरी होती भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केलेली आयडियाज ही श्रेणी. स्वतःची काळजी घेणे, माणसांशी संबंध ठेवणे, संवाद आणि काम या चार बाबतींत आजाराने माणसाला किती पांगळे केले ते ती मोजते आणि आपल्याकडे मानसिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र देतानाही तीच वापरली जाते. घरची साथ मिळालेल्या गटाचे पॅन्स गुण दुसऱ्या गटापेक्षा सरासरी पावणेचारने कमी भरले, पण हा फरक योगायोगाचा नाही असे संख्याशास्त्राच्या आधारे ठामपणे म्हणता आले नाही. आयडियाजवर फरक एका गुणाहूनही किंचित कमी होता, तरी तो भरवशाचा ठरला. पॅन्सवर २० टक्क्यांहून अधिक सुधारणा झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच निघाले. लक्षणे आणि अपंगत्व या दोहोंत स्पष्ट घट दिसली ती तामिळनाडूच्या ग्रामीण केंद्रात, जिथे पॅन्समधील फरक नऊ गुणांच्या वर गेला होता.